जावयाच्या फोनातले दिवे

दिवा लावायला परवानगी लागते हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, साताऱ्यात, माझ्याच मुलीच्या घरात कळलं.

त्याआधी जवळजवळ तीस वर्षं मी सांगलीत दिवेच विकत होते. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा स्टँडमागच्या गल्लीत अर्धं शटर घेतलं आणि होल्डर, बटनं, चोक, पट्ट्या मांडून बसले. बाईनं बांगड्या विकाव्यात, फार तर पिठाची गिरणी चालवावी. वायर मोजून देणारी बाई त्या गल्लीनं पाहिली नव्हती. वायरमन यायचे आणि विचारायचे, "मालक कुठायत?" मी म्हणायचे, "मालक घरी भात लावतायत. तुला काय पाहिजे ते सांग." कंपन्यांचे एजंट बॅग उघडायच्या आधी हसायचे आणि बॅग बंद करताना घाम पुसायचे. आज दोन शटर आहेत. बोर्ड भरायला, म्हणजे बटनं-सॉकेट बसवून वायरी जोडायला, मी स्वतः शिकले, टेस्टर अजून पर्समध्ये असतो. तेव्हा दिव्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये.

जावई आले.

जावई साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसतात. लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांनी फ्लॅट घेतला, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो असला. मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, "लाइटचं सगळं माझ्याकडनं. वायरपासून पंख्यापर्यंत. आहेर समजा."

"कशाला मामी, मी ऑनलाइन मागवलंय सगळं. तुमच्याकडं ते साधं मिळतं ना."

साधं! ज्या दुकानावर यांच्या बायकोचं शिक्षण झालं, लग्नात यांना जो सूट शिवला तो ज्या दुकानातून आला, त्या दुकानात साधं मिळतं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांशी विनाकारण भांडले. हा सल माझा आहे आणि तो मी लपवत नाही.

वास्तुशांतीला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर जावयांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. टीपॉयवर वाटीएवढी एक डबी होती. तिच्याकडे तोंड करून ते इंग्रजीत म्हणाले, हॉलचा लाइट लाव. काही झालं नाही. पुन्हा म्हणाले, जरा गोड आवाजात. तरी नाही. "नेट स्लो आहे," ते आमच्याकडे बघून म्हणाले. तिसऱ्या वेळेला दिवा लागला, जांभळा. मग निळा झाला, मग हिरवा. माझा नवरा स्वभावानं गरीब, कुणाचं मन मोडत नाही. तो म्हणाला, "छान आहे. नाटकाला आल्यासारखं वाटतं."

मी विचारलं, "जावईबापू, पांढरा हाय का ह्यात?"

"आहे ना मामी, लाखो रंग आहेत."

"मग पांढरा लावा. बाकीचे राहू द्यात."

घरभर बटनांवर चिकटपट्टी मारलेली होती. दाबायचं नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. आमच्या घरात बटन बंद न करता खोलीतून बाहेर येणं म्हणजे नळ वाहता सोडून येणं. हात आपोआप भिंतीकडे जातो. बाथरूममधून बाहेर आले, चिकटपट्टी खरवडली, बटन बंद केलं. थोड्या वेळानं विहीणबाई आत गेल्या आणि आतून त्यांची हाक आली, "आरं, अंधार झालाय की रं!"

जावई फोन घेऊन धावले. फोनवर बोट फिरवतायत, दार बंद, आत त्यांची आई. "मामी, प्लीज, भिंतीवरचं बटन बंद करत जाऊ नका. बल्ब ऑफलाइन जातो. ॲपला सापडत नाही."

"बल्ब छताला हाय की ओ. सापडायला गेलाय कुठं?"

नवऱ्यानं माझा पदर ओढला. मी बटन दाबलं, दिवा लागला, विहीणबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण तोंडाला पदर लावला तो हसू दाबायलाच.

या विहीणबाई म्हसवडच्या. माझं त्यांचं कधी जमलं नाही. लग्नात मानपानावरून त्यांनी मला जे बोलून घेतलं ते मी विसरले नाही, आणि मी उलट जे बोलले ते त्या विसरल्या नाहीत. पण त्या आता मुलाकडेच राहायला आल्यात, आणि नंतर मी तिथं जाऊन राहिले तेव्हा त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मलाही खटकली. दिवेलागणीला बटन दाबायचं आणि दिव्याला हात जोडायचे ही त्यांची जन्माची सवय. माझीही तीच. आता देवघरातला बल्ब फोनातल्या वेळेवर आपला आपण लागायचा. कधी त्या स्वयंपाकघरात असायच्या, कधी गॅलरीत. येऊन बघावं तर दिवा कधीच लागलेला. मग त्या लागलेल्या दिव्याला हात जोडायच्या, पण बस निघून गेल्यावर स्टँडवर पोचलेलं माणूस उभं राहतं तशा. भर दुपारी लाइट जाऊन आली की घरातले सगळे बल्ब एकदम पेटायचे. जावई कंपनीत. ते फोन बघतील तेव्हा विझतील. तोवर उन्हात दिवे जळतायत आणि दोन बायका त्यांच्याखाली बसल्यात, बटनाला हात न लावता. याला म्हणे स्मार्ट घर.

इथपर्यंत मी दातओठ खाऊन गप्प होते. हसण्यावारी नेण्यासारखं होतं, म्हणून नेलं.

मुलगी ब्लाउजवर आरीकाम करते. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं आणि आकड्याच्या सुईनं मणी, जरी, टिकल्या भरायच्या. हे ती लग्नानंतर शिकली, मोबाइलवर बघून आणि चार महिने एका बाईकडे जाऊन. मी एक पै दिली नाही. तिनं मागितली नाही. आता कराड-वाईहून नवऱ्या मुली तिच्याकडे येतात. दिवसा घरकाम, सासूचं औषधपाणी, तेव्हा तिची कामाची खरी वेळ म्हणजे चार वाजल्यापासून पुढे. मागच्या खोलीत चौकट, तिच्या डोक्यावर वाकणारा एक दिवा. तो दिवा माझ्या दुकानातला, तेवढा एक मी गुपचूप दिला होता. पण त्याची पिन जावयांच्या स्मार्ट प्लगमध्ये.

एकदा फोनवर तिच्याशी बोलत होते. ऑर्डर कशी चाललीय, गळा कसा घेतलायस, असं. मध्येच ती म्हणाली, "गेली."

"लाइट गेली?"

"नाही गं. सात वाजले."

मला कळेना. तिनं सांगितलं ते अगदी सहज, दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं. जावयांनी त्या प्लगला वेळ लावून दिलीय. सात वाजता तो दिवा बंद होतो. सातला ते घरी येतात, तेव्हा सगळ्यांनी हॉलमध्ये बसावं, घरात घरपण राहावं.

"मग तू परत लाव की. प्लगला बटन असतंय."

"लावते ना. लावला की दोन मिनिटांत परत जातो. त्यांना फोनवर दिसतं. रस्त्यात असले तरी बंद करतात. मग घरी येऊन हसतात, म्हणतात, पकडलं की नाही?"

"तुझ्या फोनमध्ये का नाही ते?"

"टाकतो म्हणालेत."

"कवा?"

"दिवाळीत म्हणालेले."

तो उन्हाळा होता.

"अगं, मग पिन काढ आणि दुसऱ्या पॉइंटला घाल!"

ती म्हणाली, "घातलेली एकदा. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. सगळी सिस्टिम बिघडवतेस म्हणाले." आणि मग, तशाच सहज आवाजात, "जाऊ दे. एक नवरीचं काम हातात आहे ते झालं की बंदच करते गं आई. रोज रोज कोण भांडत बसणार."

मी दुकानात उभी होते. समोर गिऱ्हाईक टेबल लॅम्प बघत होतं. त्याला मी म्हटलं, "आज नाही विकायचा," आणि आत जाऊन बसले.

ज्या बाईला नवरा आडवा आला नाही म्हणून दुकान काढता आलं, तिच्या मुलीचं काम एक नवरा फोनवरच्या बोटानं बंद करत होता. ओरडला असता, सुई हिसकावून घेतली असती, तर मी मिळेल त्या गाडीनं साताऱ्याला जाऊन त्याचा समाचार घेतला असता. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. हा तर हसत होता. तोंडानं एक शब्द न बोलता, घरी येता येता, रस्त्यातनं. भित्रं माणूस. त्याला बायकोला नको म्हणायची हिंमत नव्हती म्हणून त्यानं ते काम प्लगला सांगितलं.

नवरा म्हणाला, "जावई आहेत. सबुरीनं घे. तू तोंड उघडलंस की पोरीला त्रास."

हे खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सासूनं जावयाला बोलायची आपल्याकडे सोय नाही. त्याला पाटावर बसवायचं, ताट वाढायचं.

तेवढ्यात अधिक महिना आला.

अधिकात जावयाला वाण द्यायचं. तेहतीस अनारसे आणि वर दिवा, चांदीचं निरांजन. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, त्यांचे पाय धुवायचे, वाण हातात द्यायचं. दिलेलं वाण जावयानं नाकारायचं नसतं. या शेवटच्या नियमाकडे मी तोवर कधी नीट बघितलं नव्हतं.

आणि जावयांनी स्वतःहून मला हत्यार आणून दिलं. त्यांचा मेसेज आला: मामी, निरांजन कशाला, तसंच पडून राहतं, त्यापेक्षा ही नवी डबी आलीय, हिला स्क्रीन पण आहे, लिंक पाठवतोय. दुकानदार सासूला लिंक! नवरा म्हणाला, आता ही फोन फोडते. मी फोडला नाही. समोरच्याला काय हवंय हे त्यानं आधी सांगितलं की सौदा अर्धा झालेला असतो. मी उत्तर पाठवलं, "बघू."

अनारसे मला जमत नाहीत. गावभागातल्या एका बाईकडून करून घेतले. निरांजन घेतलं. आणि दुकानातून एक छोटा बोर्ड, दोन बटनं, पाच पिनांचा सॉकेट, दोन साधे बल्ब, स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड एका कापडी पिशवीत भरली. रविवारी दुपारी आम्ही साताऱ्यात पोचलो.

पाटांवर दोघं बसली. नवऱ्यानं पाणी घातलं, मी जावयाचे पाय धुतले, पुसले, कुंकवाचं बोट लावलं. पाय धुताना मनात काय चाललं होतं ते लिहीत नाही. विहीणबाई शेजारी खुर्चीवर बसून ताटाकडे बघत म्हणाल्या, "इकतचं दिसत्यात."

"इकतचंच हायत," मी म्हटलं. "आमी दुकानदार."

मी ताट उचललं. वर निरांजन, त्यात फुलवात लावलेली. जावयांनी दोन्ही हात पुढे केले. मी ताट त्यांच्या हातांच्या वर धरलं आणि सोडलं नाही.

"जावईबापू, तुमची ती डबी पण देते. स्क्रीनची. पण एक मागणं आहे."

"बोला ना मामी." हात तसेच पुढे.

"घरातले सगळे बल्ब काढायचे. सगळे प्लग. मी उद्याच्या उद्या सांगलीहून माल आणते, वायरमन आणते, साधी बटनं बसवून देते. साधी."

त्यांचा चेहरा उतरला. "मामी, काहीतरीच काय! केवढा खर्च केलाय मी."

"बरं. मग दोन खोल्या."

"अहो पण सिस्टिम…"

"बरं, हॉल तुमचा. बेडरूम तुमची. जांभळा करा, हिरवा करा. मागची एक खोली मला द्या. त्या खोलीत तुमचं काही नको. भिंतीला बटन, बटनाला दिवा. बस."

मला पहिल्यापासून तीच खोली हवी होती. पण तीच मागितली असती तर ते अर्ध्या खोलीवर आले असते. आता त्यांना वाटलं सगळं घर वाचलं. ते हसले. "एवढंच ना?"

"आणि पोरीला पुन्हा विचारायचं नाही, बटन कुणी दाबलं म्हणून."

ते हसू जरा अडखळलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती, मान शरमेनं लाल झालेली. ताट जड होतं, पण मी ते खाली घेतलं नाही.

तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला. "आरं, व्हय म्हण की! आन त्या देवघराचंबी बटन मला पायजे. माजं मी लावीन. किती म्हयनं झालं, दिवा कवा लागतोय मला कळंना झालंय."

हे मी मागितलंच नव्हतं. तीस वर्षांत सौद्यात समोरच्या बाजूचं माणूस माझ्याकडून बोललं असं पहिल्यांदा झालं, आणि तेही या विहिणीनं.

"आई, तू पण?" जावई म्हणाले.

"मी पन. हात अवघडलं असतील तिचं. घे ते ताट."

त्यांनी ताट घेतलं.

मी साडीचा पदर खोचला आणि मागच्या खोलीत गेले. मेन स्विच पाडला. हॉलमधून जावयांची कळवळलेली हाक आली, घरातलं सगळंच ऑफलाइन गेलं होतं. जाऊ दे म्हटलं. मुलगी माझ्यामागे येऊन दारात उभी राहिली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल.

"सगळ्यांसमोर कशाला, आई?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी मागितलं होतं का? तू माझ्यासाठी आलीस का दुकानासाठी, खरं सांग."

मी स्क्रू फिरवत राहिले. खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. ते 'साधं' अजून डोक्यात होतं, आणि हा बोर्ड बसवताना हातांना जे सुख होत होतं ते सगळं तिच्यासाठी नव्हतं.

"दोन्हीसाठी," मी म्हटलं. "पक्कड दे."

तिनं दिली. नाक ओढलं आणि म्हणाली, "सॉकेट वाकडा बसतोय."

"तूच बसव मग."

तिनं खरंच माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सॉकेट सरळ केला. लहानपणी दुकानात बसून तिनं शेकड्यांनी बोर्ड भरलेले बघितलेत. मी मेन चढवला, टेस्टर लावून बघितला, त्यांचा तो पांढरा प्लग भिंतीतून काढून खिडकीत ठेवला. देवघरातली चिकटपट्टी विहीणबाईंनी आधीच नखानं काढली होती. तिथला बल्ब बदलायला मला एक मिनिट लागलं.

दुपारचा चहा झाला. जावई फोनवर सगळं पुन्हा जोडत बसले होते, माझ्याशी बोलणं नाही. मुलगी चार वाजता चौकटीवर बसली. नवरीचं काम होतं, पाठीवर मोर, त्याचा पिसारा अर्धा झालेला. मी शेजारी बसून मणी निवडून देत होते, चुकीचे देत होते म्हणून बोलणी खात होते. दिवेलागणीला देवघरात बटनाचा टक असा आवाज आला आणि मग बांगड्यांचा.

सात वाजले. मी घड्याळाकडे बघितलं, मुलीनं नाही बघितलं. पण तिची सुई थांबली. इतक्या महिन्यांची सवय, तिला ते अंगात कळत होतं. दिवा चालूच होता.

मग दारात जावई येऊन उभे राहिले. हातात फोन, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. मला वाटतं, तो मोर त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला असावा, पण मी त्यांना एवढं श्रेय देणार नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "सात वाजले."

तोंडानं म्हणाले. बायकोला, समोर उभं राहून. त्यासाठी मला सांगलीहून यावं लागलं होतं.

मुलगी मान वर न करता म्हणाली, "वाजू देत. एवढं पीस राहिलंय. तुम्ही कुकर लावा."

ते गेले नाहीत लगेच. मी तोंड उघडणार होते, तिनं माझ्या गुडघ्याला कोपरानं ढोसलं, म्हणून गप्प बसले. मग स्वयंपाकघरातून त्यांच्या आईचा आवाज आला, "डाळ धुतलीया मी. पानी घाल आन लाव!"

जावई वळले. थोड्या वेळानं आतून कुकरचं झाकण बसवायचा आवाज येत राहिला, बसत नव्हतं त्यांना. मुलीनं सुई पुन्हा कापडात घातली.